रक्तवाहिन्यांचा कानोसा

आपला डावा हात उजेडात धरून मनगटाची आतली बाजू पाहा. कातडीखाली निळसर रेषांचे एक विरळ जाळे दिसते. वृद्ध माणसांच्या हातांवर ते फुगून वर आलेले असते. लहान मुलांच्या गुबगुबीत हातांवर ते शोधूनही सापडत नाही. या रेषा म्हणजे नीला, म्हणजेच शरीरातील रक्त हृदयाकडे परत नेणाऱ्या वाहिन्या होत. आता मनगटावर अंगठ्याच्या बाजूस दोन बोटे हलकेच टेकवा. आत काहीतरी ठेक्याने उडत असल्याचे जाणवेल. ती रोहिणी, हृदयाकडून ताजे रक्त घेऊन येणारी वाहिनी. आपल्याकडील वैद्य शेकडो वर्षे नाडी पाहत आले, ते याच रोहिणीला बोट लावून.

नीला डोळ्यांना दिसते आणि रोहिणी बोटांना लागते. परंतु या दोहोंना जोडणाऱ्या ज्या असंख्य बारीक वाहिन्या आहेत, त्या ना दिसतात ना लागतात. त्यांना केशवाहिन्या म्हणतात. हे नाव त्यांच्या बारीकपणावरून पडले असले, तरी केससुद्धा त्यांच्यापुढे जाड ठरावा. केशवाहिनीची रुंदी एका मिलिमीटरच्या शंभराव्या ते दोनशेव्या भागाएवढी असते. तीतून जाताना रक्तातील तांबड्या पेशींना अरुंद पायवाटेवरील वारकऱ्यांप्रमाणे एकामागून एक चालावे लागते. प्राणवायू पेशींना पोहोचवण्याचे खरे काम होते ते येथेच. मोठ्या वाहिन्या केवळ हमरस्ते आहेत. मालाची उतराई या गल्लीबोळांत होते.

या गल्लीबोळांची खबर मिळावी, अशी वैद्यकाची फार दिवसांची इच्छा आहे, आणि तिच्यामागे केवळ कुतूहल नाही. मधुमेहाचे उदाहरण घ्या. रक्तातील साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली, की बारीक वाहिन्यांच्या भिंती खराब होऊ लागतात. डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंडे आणि पाय यांना त्याची झळ आधी लागते. पायाची संवेदना बोथट होते. मग चपलेचा चावा किंवा खड्याची जखम रोग्याला कळतच नाही. जखमेकडे पुरेसे रक्त येत नसल्यामुळे ती भरून येत नाही, चिघळते, आणि कधी कधी बोट किंवा सारे पाऊल कापण्याची पाळी येते. अशा वेळी शस्त्रवैद्यापुढे एकच प्रश्न असतो. रक्त अंगठ्यापर्यंत पोहोचते आहे, की घोट्यापाशीच अडखळते आहे? या प्रश्नाच्या उत्तरावर माणसाचे चालणे अवलंबून असते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेली एक मोठी पाहणी २०२३ साली प्रसिद्ध झाली. तिच्यानुसार आपल्या देशात मधुमेह असलेल्या माणसांची संख्या दहा कोटींहून अधिक आहे. म्हणजे हा प्रश्न तुमच्या-आमच्या घरांतला आहे.

रक्त शरीरभर फिरते, हे इंग्लंडमधील विल्यम हार्वे या वैद्याने १६२८ साली आपल्या लॅटिन ग्रंथात सिद्ध करून दाखवले. त्याने दंडाला पट्टी बांधली, फुगलेल्या नीलेवर बोट दाबले, आणि रक्त एकाच दिशेने जाऊ शकते हे सर्वांच्या डोळ्यांसमोर मांडले. पण रोहिणीतील रक्त नीलेत कोठून शिरते, ते त्याला दाखवता आले नाही. इटलीतील माल्पिगी याने १६६१ साली सूक्ष्मदर्शकाखाली बेडकाचे फुप्फुस ठेवले, तेव्हा हा दुवा सापडला. बेडकाचे फुप्फुस पातळ व पारदर्शक असते. माणसाचे पाऊल तसे नसते, ही खरी अडचण आहे.

पुढे क्ष-किरण आले. क्ष-किरणांना हाडे दिसतात. रक्त आणि मांस त्यांना सारखेच वाटते. म्हणून वाहिनीत सुई घालून आयोडीनयुक्त द्रव सोडावा लागतो, तेव्हा वाहिन्यांची छाया उमटते. ही पद्धत अत्यंत मोलाची आहे, आणि तिने असंख्य प्राण वाचवले आहेत. परंतु तो द्रव दुबळ्या मूत्रपिंडांना बाधू शकतो, आणि ज्या मधुमेही रोग्याला तपासणीची सर्वांत जास्त गरज, त्याचीच मूत्रपिंडे बहुधा दुबळी असतात. सोनोग्राफीत सुई नको की द्रव नको. मात्र तिला मोठ्या वाहिन्या जशा स्पष्ट दिसतात, तशा बारीक वाहिन्या दिसत नाहीत.

मग साधा प्रकाशच वापरला तर? रात्री खोलीतील दिवा मालवून विजेरीच्या काचेवर बोटांची टोके दाबून धरा. बोटे तांबडीलाल उजळतात. विजेरीचा प्रकाश तर पांढरा असतो. हिरवा आणि निळा प्रकाश रक्तातील हिमोग्लोबिनने गिळून टाकला, आणि तांबडा तेवढा पलीकडे आला. याचा अर्थ असा, की प्रकाश मांसात शिरतो आणि रक्ताला ओळखतोही. पण उजळलेल्या बोटांत तुम्हांला हाड दिसले का? वाहिनी दिसली का? नाही. सर्वत्र एक तांबूस धूसर उजेड तेवढा पसरलेला दिसला.

पावसाळ्यात बोरघाटातून प्रवास केलेल्यांना याचे कारण सांगावयास नको. धुके दाटले, की समोरून येणाऱ्या मोटारीच्या दिव्यांचा नुसता पांढुरका गोळा दिसतो. मोटार किती दूर आहे, ती कोणत्या कडेने येत आहे, काहीच उमगत नाही. धुक्यातील प्रत्येक जलबिंदू प्रकाशाला वेगळीकडे ढकलत असतो. शरीराचे मांस हे असेच धुके आहे. सुमारे एक मिलिमीटर खोल जाताच प्रकाशकिरण आपली मूळ दिशा हरवून बसतो. तो आणखी आत जातो, काही सेंटिमीटरही जातो, पण दिशाहीन होऊन. मात्र त्याच घाटात मोटारीचा भोंगा वाजला, तर तो धुक्यातूनही स्वच्छ ऐकू येतो. मांसातही ध्वनी प्रकाशापेक्षा शेकडो पटींनी कमी विखुरतो.

तेव्हा रक्ताला ओळखावे प्रकाशाने, आणि त्याचा ठावठिकाणा सांगावा ध्वनीने, अशी जोडी जमली तर काम होईल. ती जमवण्याची युक्ती फार पूर्वीच सापडून गेली होती, आणि तीही भलत्याच शोधाच्या ओघात.

टेलिफोनचा जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल हा १८८० साली आपला साहाय्यक चार्ल्स टेंटर याच्यासह अमेरिकेत एक यंत्र बनवीत होता. तारेवाचून, केवळ सूर्यकिरणावरून माणसाचा शब्द दूर पाठवावा, असा त्याचा खटाटोप होता. त्या प्रयोगांत त्याने सूर्यप्रकाशापुढे भोके पाडलेली एक चकती फिरवली. त्यामुळे प्रकाश एकसारखा न पडता उघडझाप करीत पडू लागला. असा तुटक प्रकाश एखाद्या पातळ तबकडीवर पडला, की ती तबकडीच आवाज करते, असे त्याच्या ध्यानात आले. प्रकाशाची उघडझाप जितकी जलद, तितका सूर वरचा. काळ्या वस्तू अधिक मोठ्याने बोलत, आणि काजळी तर सर्वांत मोठ्याने. हे कसे घडते ते सरळ आहे. प्रकाश गिळला, की वस्तू तापते. तापली की प्रसरण पावते. प्रकाश थांबला की निवते व आकसते. या प्रसरण-आकुंचनाने भोवतालच्या हवेला धक्के बसतात, आणि हवेला बसलेले धक्के म्हणजेच ध्वनी. ज्या रंटगेनचे नाव पुढे क्ष-किरणांमुळे जगभर झाले, त्यानेही १८८१ साली वायूंवर असेच प्रयोग केले होते.

या शोधाचे तेव्हा फारसे चीज झाले नाही. प्रकाश दुबळा होता आणि ध्वनी क्षीण होता. पहिला लेसर १९६० साली अमेरिकेत थिओडोर मायमन याने प्रज्वलित केला, त्यानंतर चित्र पालटू लागले. लेसरचा प्रकाश एकाच रंगाचा असतो, आणि तो अतिशय आखूड झोतांत सोडता येतो. किती आखूड? काही नॅनोसेकंद. एका सेकंदाचे शंभर कोटी भाग केले, तर त्यांतील एक भाग म्हणजे नॅनोसेकंद. तेवढ्या वेळात प्रकाशही जेमतेम तीस सेंटिमीटर, म्हणजे तुमच्या दप्तरातील पट्टीएवढेच अंतर चालतो.

झोत इतका आखूड कशाला हवा, असे कोणी विचारील. दोन्ही तळहात सावकाश एकमेकांवर ठेवा. काही ऐकू येत नाही. तेच हात झटकन एकमेकांवर आणा, की टाळी वाजते. रक्तवाहिनी हळूहळू तापवली, तर उष्णता भोवताली झिरपून जाते आणि वाहिनी मुकाट्याने किंचित फुगते. ती एकाएकी तापवली, तर उष्णतेला बाहेर पडण्यास अवधीच मिळत नाही. वाहिनीतील रक्त क्षणार्धात प्रसरण पावते, आणि त्याची टाळी वाजते. ही तापमानवाढ किती सूक्ष्म असते, हे ऐकून नवल वाटेल. एका अंशाचा हजारावा भाग तापमान वाढले, तरी वातावरणाच्या दाबाच्या शंभराव्या हिश्शापेक्षा थोडासा कमी एवढा दाब निर्माण होतो, आणि आजच्या ध्वनिग्राहक स्फटिकांना तो सहज कळतो. रोग्याला मात्र काहीच जाणवत नाही. कातडीवर एका झोतात किती प्रकाश टाकावा, याची मर्यादाही ठरलेली आहे. दृश्य प्रकाशाच्या अशा आखूड झोतासाठी ती दर चौरस सेंटिमीटरला २० मिलिज्यूल इतकी आहे.

टाळी ऐकू आली, पण ती वाजली कोठे? येथे वळवाच्या पावसाची आठवण करावी. वीज चमकलेली लगेच दिसते, आणि गडगडाट मागाहून येतो. चमक व गडगडाट यांच्यामध्ये तीन सेकंद गेले, तर वीज सुमारे एक किलोमीटरवर आहे असे समजतात, कारण हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. आता समजा, एक मुलगा हडपसरला, एक कोथरूडला आणि एक कात्रजला असे तिघेजण घड्याळे घेऊन बसले, आणि तिघांनीही एकाच विजेचे सेकंद मोजले. तिघांची तीन अंतरे नकाशावर वर्तुळांनी काढली, तर ती जेथे मिळतील ती विजेची जागा. शास्त्रज्ञ नेमके हेच करतात. मांसात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १५०० मीटर असतो. लेसरच्या झोतानंतर सेकंदाच्या दहा लाखांश भागांपैकी दोन भागांनी ध्वनी आला, तर वाहिनी तीन मिलिमीटर अंतरावर आहे हे निश्चित. कातडीवर शेकडो ध्वनिग्राहक मांडले आणि त्यांच्या नोंदी गणकयंत्राकडे सोपवल्या, की सबंध जाळ्याचे चित्र पडद्यावर उमटते. सुई नाही, औषधी द्रव नाही आणि क्ष-किरणही नाहीत.

लेसरने तापलेल्या वाहिनीची खबर घेण्याचा आणखी एक मार्ग आहे. तीत ध्वनीऐवजी उष्णतेचीच वाट पाहतात. वैशाखात सायंकाळी शनिवारवाड्याच्या दगडी तटाजवळ उभे राहिले, तर सूर्य मावळला असूनही तटातून ऊब येत असते. दिवसभरात दगडाच्या आत शिरलेली उष्णता उशिरा बाहेर पडत असते. जितकी आत गेलेली, तितकी उशिरा. कातडीचेही असेच आहे. लेसरचा झोत पडताच कातडीच्या वरच्या थरातील कृष्णरंजक तापते, आणि त्याची उष्णता तत्क्षणी दिसते. खालच्या वाहिनीतील उष्णता मागाहून पृष्ठभागावर येते. वाहिनी एका मिलिमीटरच्या तीन दशांश खोलीवर असेल, तर तिच्या उष्णतेला वर येण्यास सुमारे दोन दशांश सेकंद लागतात. खोली दुप्पट झाली, की वेळ चौपट होतो. डोळ्यांना न दिसणारे हे उष्णतेचे किरण टिपणारा कॅमेरा दुरूनच कातडीवर रोखलेला असतो.

काही बालकांच्या चेहऱ्यावर जन्मतःच जांभळट-तांबडा डाग असतो. कातडीखालील वाहिन्या रुंदावल्यामुळे तो पडतो, आणि तो आपोआप जात नाही. लेसरने त्या वाहिन्या मिटवता येतात, परंतु जोर कमी पडला तर डाग तसाच राहतो, आणि जास्त झाला तर कोवळी कातडी भाजते. वाहिन्या किती खोल आहेत, हे आधी कळले पाहिजे. कॅलिफोर्नियातील अर्व्हाइन येथील संशोधकांनी १९९० नंतरच्या दशकात याच कामासाठी ही उष्णतामापनाची पद्धत वापरली. मात्र उष्णता हा संथ आणि विसराळू निरोप्या आहे. खोलवरून येता येता तिचा निरोप पुसट होतो. एक मिलिमीटरच्या खाली पाहावयाचे असेल, तर ध्वनीचाच आश्रय घ्यावा, हे बरे.

आता या साऱ्या प्रकारात सर्वांत मनोवेधक गोष्ट सांगावयाची ती रंगाची. रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायूने भरलेले असले, की त्याचा रंग उजळ तांबडा असतो. प्राणवायू देऊन मोकळे झाले, की तो काळपट होतो. तांबड्या प्रकाशाचा लेसर वापरला, तर प्राणवायू नसलेले रक्त मोठ्याने बोलते. तांबड्याच्या पलीकडील, डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाचा लेसर वापरला, तर प्राणवायू असलेले रक्त अधिक मोठ्याने बोलते. दोन्ही आवाजांची तुलना केली, की त्या वाहिनीत प्राणवायू किती आहे ते समजते. पावलाच्या जखमेभोवती रक्त आहे काय, एवढेच नव्हे, तर ते जिवंत कामाचे आहे काय, हेही अशा रीतीने कळू शकते.

या दोन रंगांच्या युक्तीचा एक साधा अवतार पुणेकरांनी स्वतःच्या बोटावर अनुभवला आहे. करोनाच्या साथीचे महाराष्ट्रातील पहिले रुग्ण ९ मार्च २०२० रोजी पुण्यात आढळले. त्याच वर्षी १५ सप्टेंबरपासून राज्यात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम सुरू झाली, आणि स्वयंसेवक घरोघर जाऊन माणसांचे तापमान व रक्तातील प्राणवायू मोजू लागले. कपड्यांना लावतात तशा चिमट्याएवढे ते यंत्र, ऑक्सिमीटर, बोटाला लावले की क्षणभरात आकडा दाखवी. त्यात एक दिवा तांबडा आणि एक अवरक्त असतो. बोटातून पार गेलेल्या प्रकाशातील जेवढा भाग नाडीबरोबर कमीजास्त होतो, तेवढाच ते हिशोबात घेते. त्यामुळे हाड, मांस व नीला आपोआप वगळल्या जातात आणि रोहिणीतील रक्ताचे मोजमाप होते. ही युक्ती जपानमधील ताकुओ आओयागी या अभियंत्याने १९७४ च्या सुमारास शोधून काढली होती. साथ ऐन भरात असताना, १८ एप्रिल २०२० रोजी त्याचे निधन झाले. त्याच्या यंत्राने त्या वर्षी किती घरांतील माणसे वेळेवर रुग्णालयात पोहोचवली, याची गणती कोण करणार!

परंतु याच यंत्राबाबत त्या वर्षाअखेर एक गंभीर गोष्ट उघडकीस आली. अमेरिकेतील संशोधकांनी रुग्णालयांतील हजारो नोंदी तपासल्या. ज्यांचा आकडा यंत्राने ९२ ते ९६ असा बरा दाखवला होता, त्यांच्या रोहिणीतील रक्त प्रत्यक्ष काढून पाहिलेले होतेच. गोऱ्या रुग्णांपैकी शेकडा सुमारे चार, तर कृष्णवर्णीय रुग्णांपैकी शेकडा सुमारे बारा जणांचा प्राणवायू प्रत्यक्षात धोक्याच्या पातळीखाली होता. म्हणजे काळ्या कातडीच्या माणसाला यंत्र तिप्पट वेळा खोटा दिलासा देत होते. कातडीतील कृष्णरंजक द्रव्यही प्रकाश गिळते, आणि यंत्राचे आकडे बसवताना त्याचा पुरेसा विचार झाला नव्हता.

लेसरच्या ध्वनिचित्रालाही ही अडचण आहेच. सावळ्या कातडीवर प्रकाश पडला, की पहिली टाळी कातडीच वाजवते, आणि खाली जाणारा प्रकाश तेवढा घटतो. आपल्या पुण्यातच पाहा. एका वर्गातील चाळीस मुलांचे हात एका रांगेत ठेवले, तर गव्हाळापासून काळ्यासावळ्यापर्यंत किती छटा दिसतील! परदेशात गोऱ्या हातांवर बसवलेले यंत्र तसेच्या तसे येथे आणून चालणार नाही. त्याचे आकडे येथील हातांवर पुन्हा तपासूनच घेतले पाहिजेत.

आपले शरीर परक्या मोजपट्टीने मोजले, तर कसे फसावयास होते, याचे एक प्रसिद्ध उदाहरण पुण्याचेच आहे. रास्ता पेठेतील के. ई. एम. रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आपले दोघांचे छायाचित्र छापले. उंचीच्या मानाने वजन दाखवणारा निर्देशांक दोघांचाही अगदी एक, २२.३ असा होता. परंतु शरीरातील चरबी मोजली, तेव्हा लंडनच्या डॉक्टरांची शेकडा ९.१ आणि पुण्याच्या डॉक्टरांची शेकडा २१.२ निघाली. बाहेरून सडपातळ दिसणाऱ्या भारतीय माणसाला मधुमेह का गाठतो, याचा शोध घेणाऱ्यांच्या दृष्टीने हे छायाचित्र फार बोलके ठरले.

पुण्याचा या विषयाशी आणखी एक धागा आहे, आणि तो स्वयंपाकघरातून जातो. पाषाण येथील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे उद्‌घाटन १९५० साली झाले. त्या प्रयोगशाळेत डॉ. मुरली शास्त्री आणि त्यांचे सहकारी वनस्पतींच्या साहाय्याने धातूंचे अतिसूक्ष्म कण तयार करण्याचे प्रयोग करीत होते. परसात लावलेला गवती चहा आपण सर्दी झाली की आल्याबरोबर उकळतो. त्याच पानांचा अर्क त्यांनी सोन्याच्या क्षाराच्या द्रावणात मिसळला. तेव्हा सोन्याचे चपटे, त्रिकोणी आकाराचे, साध्या डोळ्यांना मुळीच न दिसणारे कण तयार झाले. २००४ साली हा शोध ‘नेचर मटेरियल्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

त्रिकोणाचे एवढे काय महत्त्व? घंटेचा नाद जसा तिच्या आकारावर ठरतो, तसा अतिसूक्ष्म कण कोणता रंग गिळणार हे त्याच्या आकारावर ठरते. सोन्याचे गोल कण हिरवा प्रकाश गिळतात, म्हणून त्यांचे द्रावण माणकासारखे तांबडे दिसते. चपटे त्रिकोणी कण अवरक्त प्रकाश गिळतात. आणि शरीरात सर्वांत खोल शिरतो तो हाच प्रकाश, कारण रक्त व पाणी दोन्ही त्याला फारसे अडवीत नाहीत. असे कण जेथे असतील, तेथे लेसरचा झोत पडताच ते तापतील आणि मोठ्याने बोलतील. ज्या गाठीतील वाहिन्या स्वतः क्षीण आवाज देतात, तेथे सोन्याच्या कणांनी तो वाढवावा, अशी कल्पना जगातील अनेक प्रयोगशाळांत तपासली जात आहे. मात्र शरीरात सोडलेल्या सोन्याचे पुढे काय होते, ते बाहेर पडते की यकृतात साठून राहते, हे पुरते पाहिल्यावाचून रोग्यावर त्याचा प्रयोग करणे योग्य होणार नाही. पाषाणलाच असलेल्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत डॉ. पवन कुमार यांचा गट लेसरने तापवलेल्या सोन्याच्या कणांचा निराळाच उपयोग अभ्यासत आहे. तापलेल्या कणाभोवतीच्या द्रवात तापमानाचा उतार निर्माण होतो, आणि त्याच्या योगे इतर सूक्ष्म कण गोळा करता येतात.

प्रत्यक्ष रोग्यांपर्यंत ही विद्या किती पोहोचली आहे? २००३ साली लिहाँग वाँग व त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदराची कवटी न उघडता त्याच्या मेंदूतील वाहिन्यांचे चित्र मिळवले. २०१८ साली कॅलिफोर्नियात त्यांच्याच गटाने स्त्रियांच्या स्तनातील वाहिन्यांचे सबंध चित्र पंधरा सेकंदांत, म्हणजे एक श्वास रोखून धरण्याच्या अवधीत घेतले. कर्करोगाची गाठ स्वतःच्या पोषणासाठी भोवती वेड्यावाकड्या नव्या वाहिन्या वाढवते, आणि त्या अशा चित्रात उमटतात. स्तनाच्या तपासणीसाठी बनवलेल्या अशाच एका यंत्राला जानेवारी २०२१ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाची मान्यता मिळाली.

अडचणीही लहान नाहीत. प्रकाश चार-पाच सेंटिमीटरांच्या खाली पुरेसा पोहोचत नाही, म्हणून हृदय किंवा यकृताचा खोल भाग या पद्धतीच्या टप्प्याबाहेर राहतो. हाड ध्वनीला वाकवते, आणि हवा तर त्याला अडवूनच धरते. म्हणून कातडी व यंत्र यांच्यामध्ये पाणी किंवा चिकट लेप असावा लागतो. लेसर डोळ्यांना घातक असल्यामुळे रोगी व डॉक्टर दोघांनाही खास चष्मे घालावे लागतात. आणि अशा जोरदार लेसरची किंमत अद्याप तालुक्याच्या दवाखान्याला झेपणारी नाही. लेसरऐवजी लहान दिव्यांचे पुंजके वापरून हे यंत्र स्वस्त करण्याचे प्रयत्न चालू आहेत. दिव्यांचा झोत दुबळा असतो, म्हणून एकच नोंद हजारो वेळा घेऊन तिची सरासरी काढावी लागते.

बेलने ऐकलेला प्रकाशाचा आवाज ऐकण्यासाठी तुम्हांला लेसरची गरज नाही. काचेची एक कोरडी बरणी घ्या आणि शिक्षकांच्या देखरेखीखाली तिची आतली अर्धी बाजू मेणबत्तीच्या काजळीने काळी करा. बरणीच्या झाकणाला लहानसे भोक पाडा. जाड पुठ्ठ्याच्या चकतीच्या कडेला समान अंतरावर दहा खाचा कापा, आणि ती चकती खेळण्यातील मोटारीच्या आसावर बसवा. विजेचा जुन्या पद्धतीचा, तारेचा दिवा चकतीमागे अशा रीतीने ठेवा, की त्याचा प्रकाश खाचांतून काजळीवर पडेल. चकती फिरवा आणि झाकणाच्या भोकाला कान लावा. चकती सेकंदाला वीस फेरे घेत असेल, तर प्रकाश सेकंदाला दोनशे वेळा उघडझाप करील, आणि बरणीतून सेकंदाला दोनशे कंपनांचा मंद घुमणारा सूर ऐकू येईल. मग दिवा व चकतीमध्ये वही आडवी धरा. चकती फिरतच राहील, पण सूर थांबेल.

स्वाध्याय

१. विजेरीवर बोटे धरली असता ती तांबडी का दिसतात, आणि त्यांतील वाहिन्या मात्र का दिसत नाहीत, ते सांगा.

२. लेसरच्या झोतानंतर सेकंदाच्या दहा लाखांश भागांपैकी चार भागांनी ध्वनी पोहोचला, तर रक्तवाहिनी किती अंतरावर असेल?

३. ‘उष्णता हा संथ आणि विसराळू निरोप्या आहे’ असे लेखकाने का म्हटले आहे?

४. वाक्यांत उपयोग करा : कानोसा घेणे, झळ लागणे, चीज होणे, खोटा दिलासा देणे.

५. आपल्या घरातील किंवा शेजारच्या वडीलधाऱ्या माणसांना २०२० सालच्या ऑक्सिमीटरच्या आठवणी विचारा, आणि त्या दहा-बारा ओळींत लिहा.